आणखी दोन मशीन घेऊ, की आहे त्यात समाधान मानू?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारे गृहस्थ ४३ वर्षांचे. भोसरी एमआयडीसीत भाड्याची शेड, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), एक सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारं लेथ), अकरा माणसं. वर्षाची विक्री २ कोटी ४० लाख, सगळं जाऊन मालकाच्या हाती साधारण २६ लाख. मोठ्या गिऱ्हाइकाने ॲल्युमिनियम कास्टिंगचा (ओतीव तुकड्यावर काम करायचा) नवा पार्ट देऊ केलाय. त्यासाठी आणखी दोन व्हीएमसी आणि वेगळी शेड लागेल, खर्च १ कोटी. बायको म्हणते, ‘पुरे झालं आता, घरी कधी येणार?’ वडील पिंपरीच्या एका कंपनीत ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. ते म्हणतात, ‘काहीही कर, घर गहाण टाकायचं नाही.’ आणि शेवटी यांनी विचारलंय, ‘मला अजून मोठं व्हायचंय, यात माझं चुकतंय का? महत्त्वाकांक्षा आणि समाधान यांचा तोल कसा साधायचा?’

मी चार्टर्ड अकाउंटंट. १९९६ पासून पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या छोट्या कारखानदारांचे हिशेब बघतो. प्रवचन मला जमत नाही. पण हा प्रश्न माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून इतक्या जणांनी विचारलाय, की मी त्याच्याकडे आता थोडा वेगळ्या बाजूने बघतो. तुमचा शेवटचा प्रश्न अध्यात्माचा वाटतो खरा, पण त्याचं निम्मं उत्तर तुम्ही सोबत पाठवलेल्या एक्सेल शीटमध्येच आहे. म्हणून आधी तिथून सुरुवात करू.

तुम्ही लिहिलंय १ कोटी. दोन मशीन ७० लाख, फिक्स्चर, टूलिंग, कॉम्प्रेसर मिळून १५ लाख, शेडचं डिपॉझिट आणि वायरिंग १५ लाख. त्यातले ७५ लाख बँक देणार, २५ तुमचे. बरोबर. पण मशीन आणि टूलिंगच्या ८५ लाखांवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे १५ लाख ३० हजार. हो, भरलेल्या या कराचं क्रेडिट मिळतं. पण ते तुमच्या विक्रीवरच्या करातून हळूहळू वळतं होणार, तुमच्या उलाढालीत त्याला सहा-सात महिने जातील. तोवर पैसे कुणाचे? दुसरं, गिऱ्हाईक ९० दिवसांनी पैसे देतं असं तुम्हीच लिहिलंय. नव्या पार्टची महिन्याची विक्री कास्टिंगसकट १० लाख धरली, तर करासह ११ लाख ८० हजार, आणि तीन महिन्यांचे ३५ लाख कायम बाहेर. कास्टिंगवाला तुम्हाला ३० दिवस देतो, ते सात लाख वजा करा. राहिले २८ लाख. तर तुमच्या १ कोटीचे खरे १ कोटी ४३ लाख झाले. हे ४३ लाख शीटमध्ये कुठेच नाहीत. नसतातच. मी आजवर पाहिलेल्या विस्ताराच्या कागदांत मशीनची किंमत रुपयापर्यंत बरोबर असते आणि उधारीचा रकाना रिकामा.

आता पुढची ओळ. दोन मशीन, दोन पाळ्या, दिवसाला २० तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे १,००० मशीन-तास. तासाला ४५० रुपये दर. तुम्ही ९५ टक्के वापर धरलाय, त्याचे ४ लाख २७ हजार ५०० येतील. आता खर्च बघा. ७५ लाखांचा सात वर्षांचा हप्ता साडेनऊ टक्क्यांनी १ लाख २२ हजार ६००. चार ऑपरेटर ८८ हजार, हेल्पर आणि तपासणीचा माणूस ३५ हजार, वीज ६०, भाडं ५५, इन्सर्ट-कूलंट-टूल ३५. एकूण ३ लाख ९५ हजार ६००. उरले ३१ हजार ९००. त्यातून त्या अडकलेल्या २८ लाखांचं व्याज काढा, दहा टक्क्यांनी महिना २३ हजार. राहिले नऊ हजार.

नऊ हजार रुपये महिना, आणि तेही मशीन ९५ टक्के चाललं तर. ऑपरेटर गणपतीला गावी गेला, कास्टिंगमध्ये ब्लोहोल (हवेची भोकं) निघाले, गिऱ्हाइकाने शेड्यूल कापलं आणि वापर ७० टक्क्यांवर आला, तर वीज-टूल थोडं वाचेल हे धरूनही महिन्याला पन्नास हजारांच्या वर खिशातून जातील, व्याज वेगळंच. आणि तुमचं कर्ज फ्लोटिंग, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराबरोबर बदलणाऱ्या, दराचं असणार. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला होता, ते आठवत असेल. तेवढीच वाढ पुन्हा झाली तर तुमचा हप्ता ९ हजार ८०० ने वाढतो. शिल्लक तिथेच संपली.

तुम्ही म्हणाल, हप्त्यात मुद्दलही फिटतं, सात वर्षांनी मशीन आपलं. खरंय. तेव्हा ते मशीन सात वर्षांचं म्हातारं असेल आणि तुम्ही पन्नाशीचे.

हे सगळं एवढ्या बारकाईने का सांगितलं? तुम्ही स्वतःला विचारताय की माझी महत्त्वाकांक्षा जास्त झालीय का. मला शीट वाचून वाटलं, ही महत्त्वाकांक्षा तुमची नाहीच. ती गिऱ्हाइकाची आहे. त्यांना क्षमता हवी आहे, गुंतवणूक तुम्ही करावी असं त्यांना वाटतंय, आणि दर त्यांनी ठरवलाय. तुम्ही त्यावर ‘मोठं होणं’ असं लेबल लावलंत. हाच पार्ट ५५० रुपये दराने मिळाला तर व्याज जाऊन महिन्याला लाखाच्या आसपास उरतं, आणि मग बोलण्यासारखं काहीतरी आहे. म्हणजे प्रश्न मोठं व्हायचं की नाही हा नव्हताच. ४५० ला मोठं व्हायचं का, एवढाच होता.

आता वहिनींच्या ‘पुरे’कडे येतो. तुम्ही ते वाक्य तक्रार म्हणून लिहिलंय असं जाणवलं. मी त्याचा हिशेब मांडून बघितला. २६ लाखांतून कर जाऊन २२ च्या आसपास उरतात. घरखर्च महिना १ लाख १० हजार धरला तरी वर्षाला तेरा-साडेतेरा लाख. मग आठ-नऊ लाख दरवर्षी शिल्लक पडायला हवेत. पडतात का? तुमच्या बँक खात्यात मला तरी दिसत नाहीत. ते उधारीत आहेत, रॅकवर पडलेल्या मालात आहेत, मागच्या वर्षी घेतलेल्या एअर ड्रायरमध्ये आहेत. तुमचा धंदा पाच वर्षांत वाढला, पण ती वाढ घराच्या दारातून आत आलीच नाही. घरात फक्त तुमचं नसणं आलं. ज्या माणसाने वाढीचा एवढाच अर्थ पाहिलाय, तो दुसरं काय म्हणणार? याला मी समाधानी स्वभाव म्हणणार नाही. हा अनुभव आहे, आणि तो बरोबर आहे.

मी एक प्रथा पाळतो. कर्जाचा मोठा प्रस्ताव सही करण्याआधी नवरा-बायको दोघांना ऑफिसात बोलावतो. शक्यतो गुरुवारी, कारण आपल्याकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. पहिली पंधरा मिनिटं मालक बोलतो आणि बाई पाण्याच्या ग्लासकडे बघत बसतात. मग मी कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवतो आणि विचारतो, ‘तुमच्या घराला वर्षाला किती लागतात? बचत, मुलांची शिक्षणं, सगळं धरून लिहा.’ मालक मध्ये बोलला तर त्याला चहा सांगायला बाहेर पाठवतो. २०१८ मधली एक जोडी आठवते. बाईंनी पाचेक मिनिटं विचार करून १६ लाख लिहिले. खाली अजून एक ओळ लिहिली: ‘गुरुवारी दुपारी जेवायला घरी.’ मालक चहा घेऊन परत आला, कागद वाचला आणि म्हणाला, ‘एवढंच? मी तर चाळीसच्या मागे धावतोय.’ हसण्यावारी गेलं तेव्हा. पण मी तो कागद त्यांच्या फायलीला लावून ठेवला. अजून आहे.

त्या १६ लाखांचं महत्त्व असं की तो आकडा एकदा लिहिला की पुढचा प्रत्येक रुपया हौसेचा होतो. हौस वाईट नाही, मी स्वतः हौशी माणूस आहे. पण हौसेसाठी कुणी राहतं घर पणाला लावत नाही. ज्याने हा आकडा लिहिलेला नसतो त्याला प्रत्येक ऑर्डर गरजेची वाटते, आणि गरजेला नाही म्हणता येत नाही. तुमच्याकडे अस्वस्थता आहे, पण तो आकडा नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सगळ्यांना घरी बसवणारा माणूस आहे.

माझे एक जुने पक्षकार होते. ट्रॉब मशीनवर, म्हणजे संगणकाशिवाय चालणाऱ्या जुन्या ऑटोमॅटिक लेथवर, छोटे टर्निंगचे पार्ट करायचे. सात ट्रॉब, दोन कॅप्स्टन, स्वतःच्या मालकीची शेड, कर्ज शून्य. साल २००५-०६. मी दर वर्षी सांगायचो, एक सीएनसी घ्या, नुसतं एक. ते म्हणायचे, ‘साहेब, मला हाव नाही. देवाने भरपूर दिलंय.’ ऐकायला इतकं छान वाटायचं की मी पुढे बोलायचो नाही. गिऱ्हाईक एकेक करून सीएनसीवाल्यांकडे गेलं. कुणी भांडलं नाही, नुसत्या ऑर्डरी यायच्या थांबल्या. शेवटी त्यांनी शेड भाड्याने दिली. एकदा त्यांच्या मुलाशी बोलताना कळलं की बाबांना तो कंट्रोल पॅनेल बघूनच घाबरायला व्हायचं. कुणाला विचारायचं, कुणापुढे अडाणी ठरायचं, हे त्यांना नको होतं. म्हणजे ज्याला ते समाधान म्हणत होते ते संकोचाने घातलेलं स्वच्छ धोतर होतं. तेव्हा मी खोदून विचारायला हवं होतं. ते राहिलं.

याच्या उलट २०१८ चीच गोष्ट, दुसरे पक्षकार. एका दमात चार मशीन घेतली, राहता फ्लॅट बँकेला लिहून दिला. उद्घाटनाला मांडव, फ्लेक्स, दोन नगरसेवक. पुढच्या वर्षी गाड्यांची विक्री घसरली, २०२० मध्ये गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम आले आणि त्याच मार्चमध्ये लॉकडाऊन. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, त्याने श्वास मिळाला, पण व्याज चालूच होतं. २०२१ मध्ये दोन मशीन विकली. घर वाचलं. आज तीन मशीनवर बरं चाललंय. मागे एकदा मला म्हणाले, ‘चार एकदम घ्यायची काही गरज नव्हती. पण समोरच्या गाळ्यात तीन आली होती ना.’

या दोघांमुळे मी आता प्रत्येकाला दोन प्रश्न विचारतो. तुम्हीही स्वतःला विचारून बघा, एकटे असताना.

‘नको’ म्हणावंसं वाटत असेल तेव्हा: कर्ज बिनव्याजी असतं आणि ऑर्डर पाच वर्षं लेखी असती, तरी मी नको म्हटलं असतं का? उत्तर हो असेल तर ते समाधान, त्याला कुणी हात लावू नये. उत्तर ‘नाही, मग घेतलं असतं’ असं असेल तर ती भीती आहे. भीती असण्यात कमीपणा काहीच नाही. तिला आकड्यांचं औषध लागू पडतं, मान डोलावून मात्र ती जात नाही.

आणि ‘हवंच’ म्हणावंसं वाटत असेल तेव्हा: हे मशीन आलेलं कुणालाच कळणार नसेल, पूजा नाही, पेढे नाहीत, व्हॉट्सॲपला स्टेटस नाही, साडूला सांगायचं नाही, तरी मी ते घेईन का? इथे पुष्कळ जण हसतात आणि मग गप्प होतात. साडूचा उल्लेख मी मुद्दाम करतो. मशीन खरेदीच्या कारणांत साडू फार वरच्या नंबरावर असतो.

मी स्वतः दुसऱ्या प्रश्नात नापास झालेलो आहे. २०११ मध्ये चाकणला दुसरं ऑफिस उघडलं. पक्षकारांना तिकडे ऑफिस हवं होतं असं काही नव्हतं, बहुतेक भोसरीलाच यायचे. मला लेटरहेडवर दोन पत्ते हवे होते. तीन वर्षं पुणे-नाशिक रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसून रोजचे दोन तास घालवले, पाठीचं दुखणं लावून घेतलं आणि २०१४ मध्ये बंद केलं. उरलेली लेटरहेडं अजून रफ कामाला वापरतो.

तुम्ही ‘तोल’ हा शब्द वापरलाय. त्या शब्दाने गोंधळ होतो असं मला वाटतं. तराजू म्हटलं की एका पारड्यात वाढलं तर दुसऱ्यात कमी झालंच पाहिजे. माझ्या पक्षकारांत तसं दिसत नाही. तुमच्याच धंद्यातला शब्द घ्या: टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक. ड्रॉइंगवर २५ मिलिमीटरच्या पुढे अधिक-उणे दोन शतांश लिहिलेलं असतं. जो ऑपरेटर बरोब्बर २५.००० च्या मागे लागतो तो दिवसाला चार पार्ट काढतो, आणि जो बघतच नाही त्याचा सगळा लॉट रिजेक्ट होतो. वरची हद्द आणि खालची हद्द मशीन सुरू करण्याआधी ठरलेली असते, पार्ट निघाल्यावर नाही. तुमच्या आयुष्याच्या ड्रॉइंगवर २५ लिहिलंय, पुढे काहीच लिहिलेलं नाही. खालची हद्द म्हणजे वहिनी कागदावर लिहितील तो आकडा. वरची हद्द म्हणजे काही झालं तरी ज्याला हात लावायचा नाही त्या गोष्टी: राहतं घर, बायकोचं सोनं, मुलांच्या नावच्या ठेवी, सहा महिन्यांचा घरखर्च, आणि तुम्हाला पटत असेल तर गुरुवारचं जेवण. या दोन रेघांच्या मध्ये हवं तेवढं धावा, तिथे मी तुम्हाला अडवणार नाही.

वडिलांच्या बोलण्याला तुम्ही ‘नोकरदाराची मानसिकता’ म्हटलंय. जरा जपून. त्या पिढीने पगाराच्या पाकिटातून घर उभं केलं, आणि त्या घराच्या जोरावरच तुम्ही सव्विसाव्या वर्षी नोकरी सोडायचं धाडस केलंत, हे तुम्हीच लिहिलंय. ते ‘काहीही कर’ म्हणाले आहेत, ‘धंदा करू नकोस’ नाही. एवढी मोकळीक माझ्या वडिलांनी मला दिली नव्हती. त्यांची अट एकच आहे, आणि ती पाळता येण्यासारखी आहे.

कशी? सीजीटीएमएसई ही सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठीची कर्जहमी योजना आहे. १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटींपर्यंत नेली आहे, तुमचे ७५ लाख त्यात आरामात बसतात. मशीन तारण राहतं, घर द्यावं लागत नाही, हमीचं वार्षिक शुल्क तेवढं भरावं लागतं. बँकेचा माणूस तरीही घराचे कागद मागेल, कारण त्याला ते सोपं जातं. नम्रपणे नाही म्हणा, लेखी अर्ज द्या, आणि एका शाखेत जमलं नाही तर दुसरी बँक बघा. एक गैरसमज मात्र काढून टाका. ती हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही. कर्ज बुडलं तर बँकेचं नुकसान काही प्रमाणात भरून निघतं, तुमचं देणं तुमच्या डोक्यावरच राहतं. धंदा प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीचा, असल्यामुळे तर सगळंच.

उधारीचं बघू. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर मुदत नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ पासून आयकर कायद्यात ४३बी(एच) आलं, त्यामुळे सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत न दिल्यास ते देईपर्यंत गिऱ्हाइकाला तो खर्च वजा मिळत नाही. कायदा तुमच्या बाजूचा आहे. पण जो दर महिन्याला शेड्यूल देतो त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. म्हणून भांडण नंतर करण्यापेक्षा बोलणी आत्ता करा. आत्ता त्यांना तुमची गरज आहे. मशीन आलं की तुम्हाला त्यांची असेल. दर ५५०, मुदत ४५ दिवस, किमान दोन वर्षांचं लेखी शेड्यूल. ४५ दिवस जमत नसेल तर ट्रेड्सवर, म्हणजे बिलावर आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, बिल टाकू द्या म्हणावं. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा ‘आमच्याकडे ती सिस्टिम नाही’ हे उत्तर चालणार नाही. तिन्ही गोष्टी मिळणार नाहीत. दोन मिळाल्या तरी पुरे. एकही मिळाली नाही, तर ती मंडळी तुम्हाला पार्टनर म्हणतात त्याचा अर्थ तुम्हाला कळेल.

आणि आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. वाढ आडवी असते तशी उभीही असते. आडवी वाढ म्हणजे शेड, मशीन, माणसं. ती रस्त्यावरून दिसते. उभी वाढ म्हणजे त्याच चार भिंतींत तुमच्या तासाची किंमत वाढणं. ती दिसत नाही, म्हणून तिला कुणी महत्त्वाकांक्षा म्हणत नाही. माझ्या फायलींतला सगळ्यात शांत माणूस, शांत आणि श्रीमंत दोन्ही, चार मशीनच्या पुढे कधी गेलाच नाही. पण त्याने जुनं सीएमएम, म्हणजे पार्टची मापं बारकाईने तपासणारं मशीन, विकत घेतलं, इतरांना न झेपणारे टॉलरन्स पकडले, हायड्रॉलिकचे पार्ट घेतले, आणि बारा वर्षांत तासाचा दर दुप्पट करून घेतला. या माणसाला कमी महत्त्वाकांक्षी म्हणायची माझी हिंमत नाही. एखादा पार्ट मनासारखा निघेपर्यंत रात्री अकरापर्यंत थांबतो तो. फक्त ते थांबणं त्याच्या स्वतःच्या हौसेचं असतं, बँकेच्या हप्त्याचं नसतं. घरचे वैतागत नाहीत असं नाही, पण त्या वैतागात कौतुक असतं.

तुमच्याकडे उभ्या वाढीला किती जागा आहे? मला दाट संशय आहे की भरपूर आहे. तुम्ही लिहिलंय की दोन्ही व्हीएमसी ‘फुल’ आहेत. हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. नंतर लॉगशीट ठेवली की कळतं, मशीन चालू असतं पण स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा दांडा, फिरत नसतो. सेटिंगला दीड तास, पहिला पीस तपासायला माणूस जागेवर नाही, टूल शोधणं, कास्टिंगची वाट बघणं. दोन मशीनवर मिळून दिवसाला सहा तास जरी असे सापडले, तरी महिन्याला १५० तास झाले, शून्य कर्जात. नव्या पार्टचा थोडा लॉट त्यातच काढून दाखवता येईल. त्यातून गिऱ्हाइकाचं शेड्यूल किती खरं आहे हेही कळेल.

माझा सल्ला असा: या खंडेनवमीला नवं मशीन आणायचा मुहूर्त धरू नका. आधी हे तास शोधा, बोलणी करा. दर आणि मुदत जमली तर एकच व्हीएमसी घ्या, याच शेडमध्ये, कोपऱ्यातला भंगार रॅक हलवून. दुसऱ्याचा विचार पुढच्या खंडेनवमीला करू, तेव्हाचे आकडे बघून. काहीच जमलं नाही तर ऑर्डर सोडा. सोडताना पोटात ढवळेल, चार रात्री झोप लागणार नाही, आणि समोरच्या गाळ्यातला ती घेईल. घेऊ दे.

मोठं व्हावंसं वाटण्यात चुकतंय का, असं तुम्ही विचारलंत. नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी नाही वाटणार तर कधी. तुमचं चुकतंय ते एवढंच, की ‘पुरे’ हा शब्द तुम्ही बायकोच्या तोंडी ठेवलाय आणि ‘घर नको’ हा वडिलांच्या. ती दोन्ही वाक्यं तुमची स्वतःची असायला हवीत. नाहीतर ब्रेक दाबणारे घरचे आणि ॲक्सिलरेटर दाबणारे तुम्ही, अशी गाडी चालते, आणि मग रात्रीच्या जेवणाला कुणी कुणाशी बोलत नाही.

पंधरा दिवस दोन्ही व्हीएमसीची लॉगशीट ठेवा. ऑपरेटरला सांगा, कुणाला ओरडणार नाही, फक्त खरं लिही. मग एखाद्या गुरुवारी या, वहिनींना घेऊन. वडिलांनाही आणा, त्यांची खुर्ची मी माझ्या बाजूला ठेवतो. आणि येताना मागच्या बारा महिन्यांची लाइट बिलं आणा. लॉगशीट माणसं लिहितात, युनिट मीटर लिहितो.